पुण्याच्या परसदारी

पुण्याच्या मध्यवस्तीत बागांची नावे जागोजागी भेटतात. तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग, हिराबाग, रमणबाग, सारसबाग. यांतील सारसबाग अजूनही बाग आहे. इतर ठिकाणी बहुतेक नावच उरले आहे. तुळशीबागेत भांडी, बांगड्या, लग्नाचा बस्ता आणि लहान मुलांची भातुकली मिळते. तुळशीचे रोप हवे असेल तर मंडईकडे वळून पदपथावर बसलेल्या रोपवाल्याला शोधावे लागते. अशा नावांवरून एखादा समज करून घेणे सोपे असते, की पूर्वी हे शहर बागांचे होते आणि आता राहिले नाही. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. सरदारांच्या आणि देवस्थानांच्या बागा गेल्या, तरी त्यांच्याहून कितीतरी लहान आणि कितीतरी समृद्ध अशी एक बाग पुण्यात दीर्घकाळ टिकून राहिली. ती घरामागे असल्यामुळे रस्त्यावरून दिसत नसे. तिला परस म्हणत.

वाड्याची रचना पुढून मागे अशी होती : दिंडी दरवाजा, पडवी, चौक, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसदार. चौकात तुळशीवृंदावन असे. मागे विहीर किंवा आड, धुण्याचा दगड, न्हाणीघर आणि उरलेल्या जागेत झाडे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बांधकामाच्या नळाने पाणी शहरात आणले गेले आणि पेठांतील हौदांना पोचवले गेले. काळा हौद, नाना हौद ही नावे त्या व्यवस्थेची आठवण देतात. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपणारा. उरलेले आठ महिने परस हिरवा राहायचा असेल तर पाणी हाताने घालावे लागणार, आणि हौदावरून खांद्यावर आणलेले पाणी कोणी फुलझाडाला उगाच ओतणार नाही. म्हणून परसातील झाडांच्या जागा पाण्याने ठरवल्या. न्हाणीचे पाणी जिथून बाहेर पडे तिथे केळ आणि अळू. भांडी घासण्याच्या जागेच्या उताराला कर्दळ. विहिरीच्या काठाला, जिथे रहाटावरून चार थेंब सतत सांडत, तिथे नागवेल किंवा गवती चहाचा ठोंब. जिथे पाणी पोचत नसे त्या भिंतीकडेला शेवगा, सीताफळ, कोरफड, अडुळसा अशी सोशिक मंडळी. आज ज्याला सांडपाण्याचा पुनर्वापर म्हणतात आणि ज्यावर चर्चासत्रे भरतात, ते काम केळीचे एक खुंट मुकाट्याने करीत होते.

दहा-पंधरा फूट रुंदीच्या अशा जागेत झाडांची संख्या किती असावी? साध्या घरातील यादी करू लागले तरी ती लांबत जाते. पूजेसाठी जास्वंद, तगर, कण्हेर, पारिजातक, बेल, दूर्वा. वेणी-गजऱ्यासाठी मोगरा, जाई, जुई, अनंत, अबोली. स्वयंपाकासाठी कढीपत्ता, लिंबू, मायाळू, तोंडली, पुदिना, मिरचीचे एखादे झुडूप. औषधासाठी अडुळसा, पानओवा, गुळवेल, कोरफड, ब्राह्मी, माका. फळासाठी पेरू, डाळिंब, सीताफळ, पपई. मुलींच्या हातांसाठी मेंदी. भाद्रपदात गणपतीला पत्री लागे. तीत आघाडा, रुई, धोत्रा, डोरली यांसारखी एरवी उपटून टाकण्याजोगी झाडेही असत. त्यामुळे परसाच्या कोपऱ्यात त्यांना राखीव जागा मिळे. शिवाय न लावता येणारी केना, घोळ, आंबुशी, तांदुळजा यांसारखी रोपे होतीच. त्यांतली निम्मी भाजीत जात. एवढे सगळे मोजले की तीस-चाळीस प्रकार सहज भरतात. त्यांत शोभेसाठी म्हणून लावलेले झाड शोधावे लागते.

परसाच्या वैविध्याचे मर्म इथे आहे. कोणी वनस्पतींचा संग्रह करावा म्हणून ही झाडे लावली नव्हती. घरात जितकी कामे, तितकी झाडे. खोकला होता म्हणून अडुळसा होता, हरतालिका होती म्हणून पत्री होती, मुलगी माहेरी येणार म्हणून जुईला पाणी होते. याचाच दुसरा अर्थ असा, की ज्या दिवशी घरातील एखादे काम संपते, त्या दिवशी त्या झाडाचे परसातील स्थान डळमळू लागते, आणि त्यासाठी कुऱ्हाड लागत नाही. खोकल्याचे औषध बाटलीतून येऊ लागले आणि अडुळसा दिसेनासा झाला. तो कोणी ठरवून तोडला नाही.

या झाडांना सरसकट ‘आपली’ म्हणण्याचा एक भाबडा प्रघात आहे. तो तपासून पाहिला तर गंमत होते. दसऱ्याला ज्याच्याशिवाय तोरण होत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. पेरू, पपई, सीताफळ, मिरची, देवळाजवळचा पांढरा चाफा आणि संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी ही सारी अमेरिका खंडातून आलेली. सदाफुली आणि पानफुटी मादागास्करच्या. पारिजातक, सोनचाफा, बेल, कढीपत्ता हे मात्र इथले. चार-पाच शतकांत ही सगळी मंडळी एका भिंतीआड इतकी मिसळून गेली की कोण पाहुणा आणि कोण यजमान हे सांगता येऊ नये. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात अभ्यासकांनी एकसष्ट घरगुती बागांतील वनस्पतींची मोजदाद केली, तेव्हा १,१६६ प्रकार आढळले आणि त्यांतील मूळचे ब्रिटनचे सुमारे तीस टक्केच होते. घरची बाग सगळीकडे अशीच सरमिसळ असते. माणसांबरोबर झाडेही प्रवास करतात.

कीटकांनी हा हिशेब आपल्यापुरता जुळवून घेतला आहे. पानफुटी परदेशी असली तरी पांढऱ्या-काळ्या रंगावर नारिंगी ठसा असलेले एक लहान फुलपाखरू तिच्यावरच अंडी घालते, आणि त्याची अळी पानाच्या आत राहून गर खाते. सोनचाफ्यावर आणि सीताफळावर हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू वाढते. कृष्णकमळाच्या वेलावर, कण्हेरीवर, रुईवर प्रत्येकी वेगळे. फुलपाखराची मादी पानाची चव पायांनी ओळखते आणि ठरावीक कुळाच्या झाडावरच अंडी घालते, म्हणून झाडांचे प्रकार जितके, तितके हे भाडेकरू. एकच लिंबाचे झाड दहा कुंड्यांत लावले तर संख्या दहा होते, भाडेकरू वाढत नाहीत. लेस्टर येथील जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या राहत्या घराच्या साध्या बागेत १९७२ पासून तीस वर्षे नोंदी ठेवल्या. वनस्पती, कीटक, पक्षी आणि इतर जीव धरून २,६७३ प्रकारांची नोंद झाली. त्यांतील वनस्पती ४७४ आणि कीटक १,९९७. नोंदवहीचे महत्त्व जाणणाऱ्या कोणालाही या आकड्यांपुढे क्षणभर थांबावेसे वाटेल.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील शेकडो घरे गेली. त्यानंतरच्या वर्षांत शहर पर्वतीच्या पायथ्याकडे, सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वस्त्यांत पसरले. डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता या भागांत बंगले त्याआधीपासून होते. इथे परसाची बाग घराच्या चारही बाजूंना आली. पुढच्या अंगणात गुलाब, हिरवळ आणि बोगनवेल शिरले. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातून शेवंतीचे आणि डेलियाचे नवे प्रकार येऊ लागले. पण मागच्या बाजूला कढीपत्ता, अळू आणि अडुळसा पेठेतल्याप्रमाणेच राहिले.

या बंगल्यांमधील कमरेएवढ्या कुंपणभिंतींनी पुण्याच्या वनस्पतिवैविध्यासाठी जे केले, त्याची नोंद व्हायला हवी. झाडे विकत घेण्याची पद्धत फारशी नव्हती. शेजारच्या वहिनींकडे गुलाबी जास्वंद फुलली की जून महिन्यात तिची फांदी भिंतीवरून इकडे येई आणि इकडून कर्दळीचा कंद तिकडे जाई. जुईची लवचिक फांदी मातीत दाबून, वर वीट ठेवून मुळे फुटू द्यायची आणि मग मूळ वेलापासून तोडून द्यायची, ही दाब कलमाची रीत घरोघरच्या बायकांना ठाऊक होती. केळीचे मुनवे, कढीपत्त्याच्या मुळांतून फुटलेली पिले, गवती चहाचे ठोंब यांची देवघेव हळदीकुंकवाच्या ओटीइतकी सहज होई. तिचा जमाखर्च मात्र कोणी ठेवला नाही.

फांदीवरून लावलेल्या झाडाबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बियांपासून आलेले रोप हे मूळ झाडाचे अपत्य असते. फांदीचे तसे नाही. सदाशिव पेठेतील वाड्यातली जुई फांदीने सहकारनगरला गेली, तिथून लेकीबरोबर नाशिकला गेली आणि पुढे नातीच्या घरी अमरावतीस पोचली, तर अमरावतीची जुई ही पेठेतल्या जुईची पणती नव्हे; ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तीच जुई होय. वाडा पडला, विहीर बुजली, आजी गेली, तरी ते झाड जिवंत असू शकते. मात्र एका अटीवर : फांदी वेळेत कोणीतरी काढून नेलेली असली पाहिजे.

शहराच्या दक्षिणेकडे बागेचे आणखी एक रूप आहे. घाऊक भुसार बाजार नाना पेठ-भवानी पेठेतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तशी व्यापारी कुटुंबेही मुकुंदनगर, महर्षीनगर, सॅलिसबरी पार्क, बिबवेवाडीकडे सरकली. पेढीच्या वर किंवा गोदामाच्या मागे राहणाऱ्या या घरांना परस असा कधी फारसा नव्हताच. त्यांची बाग आधीपासून गच्चीवरची. तिच्या कुंड्याही धंद्यातून आलेल्या : पंधरा किलोचे तेलाचे रिकामे डबे, तळाला भोके पाडलेली पिंपे, फळांच्या पेट्या, कोथिंबिरीसाठी दुमडलेली गोणपाटे. दुकानातील फुटके धणे, मेथी, मोहरी, बडीशेप बी म्हणून वापरली जाई. विकत आणलेले बियाणे म्हणजे चैन.

जैन घरांतील या गच्च्यांवर काय नसते, हेही पाहण्यासारखे आहे. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, रताळी ही कंदमुळे तिथे नाहीत. झाड मुळासकट उपटल्याशिवाय जे मिळत नाही ते लावलेच जात नाही. तोडून घेता येते आणि झाड मागे उरते अशांवर भर : दोडका, गिलके, तोंडली, भेंडी, मिरची, लिंबू, कढीपत्ता. चातुर्मासात अनेक घरी पालेभाजी बंद होते, आणि नेमके याच महिन्यांत राजगिरा, माठ, मायाळू, चवळीचा पाला सगळ्यांत जोमाने वाढतो. वर्षातील सर्वांत हिरव्या काळात बागेला सुरीच लागत नाही. झाडे वाढतात, फुलतात, बी धरतात. त्या फुलोऱ्यावर मधमाश्या आणि बियांवर मुनिया येतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर विळी पुन्हा हाती येते तेव्हा पुढच्या वर्षाचे बी डब्यात भरलेले असते. व्रत ज्यांनी सांगितले त्यांच्या मनात बियाणे नव्हते, अहिंसा होती. परंतु कुंडीत घडते ते असे.

लिंबाच्या झाडावरील अळीचा प्रश्नही इथे वेगळ्या रीतीने सुटतो. काळ्या-पिवळ्या लिंबू-फुलपाखराची अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, नंतर हिरवीगार होते आणि लहान रोप असेल तर आठवड्यात पानांचा फडशा पाडते. पुस्तकी सल्ला फवारणीचा. ज्या घरात मुंगीच्या वाटेवर पाय पडू नये म्हणून जपतात, त्या घरात फवारणीला हात धजत नाही. मग लिंबाची दोन रोपे ठेवायची, एक घरासाठी आणि एक तिच्यासाठी, असा तोडगा निघतो. पानांविना उभे राहिलेले रोप महिन्याभरात पुन्हा फुटते, हे एकदा पाहिले की भीती जाते. काही घरांत फुले झाडावरून तोडण्याऐवजी खाली पडलेली वेचण्याची पद्धत आहे. पहाटे आपणहून ओघळणारा पारिजातक अशा घरांना विशेष प्रिय असतो, यात नवल नाही.

आता जे चालले आहे त्याला पुनर्विकास म्हणतात. त्याविरुद्ध सरसकट गळा काढण्यात अर्थ नाही. गळकी कौले, कुजलेले वासे, सामायिक संडास आणि चार भावांत अडकलेली मालकी यांत राहणाऱ्याला नवे घर हवेच असते. वाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बहुधा वाड्यात राहावे लागत नाही. सत्तरीच्या जोडप्याला तीन मजली बंगल्याचा जिना झेपत नाही, मुले परदेशी असतात. लिफ्ट, जनित्र आणि पहारेकरी असलेली इमारत त्यांना सोयीची वाटली तर चूक काय?

प्रश्न करारनाम्यात काय लिहिले जाते, याचा आहे. जुने चटईक्षेत्र, नवे चटईक्षेत्र, मोटारींच्या जागा, दरम्यानच्या काळातील भाडे, देखभाल निधी, विलंबाचा दंड या सर्वांना रकाने असतात. मोठ्या वृक्षांना कायद्याने रकाना दिला आहे : १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडण्यास परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानले. पण जाईचा वेल वृक्ष नव्हे. अडुळसा, मेंदी, अनंत, पानओवा, अळूचे बेट यांतले काहीच वृक्ष नव्हे. आंबा वाचवण्यासाठी अर्ज होतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात; त्याच आंब्याखालचे तीस प्रकार खोदयंत्राच्या पहिल्या दोन तासांत जातात आणि कोणत्याही कागदावर त्यांची वजावट दिसत नाही.

नव्या इमारतीत हिरवाई असते, पुष्कळ असते. वाहनतळाच्या छतावर दोन-तीन फूट माती टाकून त्यात अरेका पाम, फॉक्सटेल पाम, फायकस, ड्युरांटा, ड्रॅसिना आणि हिरवळ लावलेली असते. ती यादी कंत्राटदाराची असते, म्हणून कोथरूडची इमारत आणि खराडीची इमारत यांच्या बागा अदलाबदल केल्या तरी रहिवाशांना पत्ता लागू नये. या झाडांकडून घरातील कोणतेही काम होत नाही. त्यांना हात लावायचा नसतो. फांदी मागायला कोणी भिंतीशी येत नाही, कारण भिंतीपलीकडे तेच झाड आहे. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संकलन यांसाठी मिळकत करात सवलत देते, हे योग्यच. त्या खताचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र अनेक सोसायट्यांत पोती साठल्यावर उभा राहतो.

परस उचलून सहाव्या मजल्यावर नेता येतो का? बराचसा येतो, पण मातीच्या वजनाचा हिशेब आधी करावा लागतो. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड असते. म्हणजे एका चौरस मीटरवर फूटभर ओली माती टाकली तर जवळपास पाचशे किलो. सर्वसाधारण गच्ची एवढा भार धरून बांधलेली नसते. मुंबईत डॉ. दोशी यांनी उसाची चिपाडे आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा वापरून गच्चीवर भाजीपाला पिकवण्याची रीत लोकांना शिकवली, आणि कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने सामान्य माणसांना पालापाचोळ्यापासून सुपीक माती तयार करण्याच्या प्रयोगांत गुंतवले. दोघांच्याही पद्धतीत माती थोडी आणि कुजलेला पाला भरपूर. वजन निम्म्याहून खाली येते.

सर्व झाडांना सारखा उपाय चालत नाही. जास्वंद, तगर, कण्हेर, अनंत, मेंदी यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या पावसाच्या सुरुवातीला लावल्या की धरतात. जाई, जुई, मोगरा यांना दाब कलम बरे. त्याला महिना-दोन महिने लागतात, म्हणून घर रिकामे करण्याच्या आदल्या आठवड्यात सुचून उपयोग नाही. अळू, कर्दळ कंदाने जातात, शेवगा जाड फांदीने. पारिजातक बहुधा बियांनी वाढतो. सोनचाफ्याचे बी ताजे असतानाच पेरावे लागते आणि फुलासाठी बरीच वर्षे थांबावे लागते. कलम केलेले रोप लवकर फुलते, पण ते दुसऱ्या चाफ्याचे. बकुळ, बेल, मोठा पेरू यांना कुंडी पुरत नाही. त्यांच्यासाठी करार होण्यापूर्वी नकाशावर बोट ठेवून जमिनीचा एक कोपरा, खाली वाहनतळ नसलेला, मागून घ्यावा लागतो. असा कोपरा मागणारे सभासद थोडे असतात. मागितला तर बहुधा मिळतो, कारण त्याला चटईक्षेत्र लागत नाही.

सहकारनगरच्या उतारावर मे महिन्याच्या अखेरीस एखाद्या बंद होणाऱ्या बंगल्याच्या फाटकाबाहेर अशी रांग दिसते : तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, दुधाच्या पिशव्यांत लावलेल्या फांद्या, पानओव्याचा एक ढीग. त्यांवर किंमत नसते. सकाळी फिरायला निघालेली माणसे वाकून पाहतात, दोन-चार पिशव्या उचलतात. जुई आधी संपते. अडुळसा कोणी लवकर नेत नाही. ओळखणारे कमी झाले आहेत.